बहिरेपणा

एका किंवा दोन्ही कानांची ऐकण्याची क्षमता अंशतः किंवा पूर्णतः कमी होण्याच्या अवस्थेला बहिरेपणा किंवा श्रवणऱ्हास असे म्हणतात. ही अवस्था जन्मजात असते किंवा आयुष्यात पुढे केव्हाही उद्भवते; बहुधा ती हळूहळू वाढत जाते, क्वचित एका रात्रीत येते. बहिरेपणा हा एक स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे, इजांचे व आनुवंशिक दोषांचे लक्षण आहे. कानात साठलेला मळ आणि आंतर्कर्णातील पेशींचा नाश या दोन्हींमुळे माणसाला कमी ऐकू येते. परंतु पहिला दोष काही मिनिटांत दूर होतो, तर दुसऱ्यात नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण करणे वैद्यकाला अजून साधलेले नाही. म्हणून ‘किती कमी ऐकू येते’ याइतकाच ‘दोष कानाच्या कोणत्या भागात आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. लहान मुलांच्या बाबतीत त्यात ‘दोष केव्हा लक्षात आला’ या तिसऱ्या प्रश्नाची भर पडते, आणि मुलाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने अनेकदा हाच प्रश्न सर्वांत निर्णायक ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणऱ्हासामुळे पुनर्वसनाची गरज आहे व २०५० पर्यंत ही संख्या ७० कोटींच्या पुढे जाण्याचा अंदाज आहे. बालपणातील श्रवणऱ्हासापैकी सुमारे ६० टक्के प्रकरणे टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, असेही या संघटनेचे म्हणणे आहे.

संज्ञा

बोलीभाषेत कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येकाला ‘बहिरा’ म्हटले जाते. वैद्यकात मात्र अल्प ऱ्हासापासून संपूर्ण बधिरतेपर्यंत अनेक पायऱ्या मानतात. जुन्या मराठी लेखनात, तसेच अनेक संस्थांच्या नावांत ‘मूकबधिर’ हा शब्द आढळतो. तो शास्त्रीय दृष्ट्या दिशाभूल करणारा आहे. जन्मतः न ऐकू येणाऱ्या मुलाची स्वरयंत्र, जीभ, टाळू ही वाक्-इंद्रिये सामान्यतः निर्दोष असतात. भाषा कानावर न पडल्यामुळे ते बोलायला शिकत नाही. मुकेपणा हा येथे दुसरा रोग नसून पहिल्या दोषाचा परिणाम आहे. या कारणाने आता ‘कर्णबधिर’ किंवा ‘श्रवणबाधित’ हे शब्द रूढ झाले आहेत.

श्रवणाची क्रिया

बाह्यकर्णाने गोळा केलेल्या ध्वनिलहरी कर्णनलिकेतून आत जातात व तिच्या टोकाशी असलेल्या पडद्याला (कर्णपटलाला) कंप देतात. पडद्यामागील मध्यकर्ण ही हवेने भरलेली पोकळी असून तीत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवलीशी हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. ही साखळी पडद्याचे कंप आंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोहोचवते. हवेतील ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्याचा बहुतेक भाग परावर्तित होईल. पाण्यात बुडी मारलेल्याला काठावरचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही ते यामुळेच. पडद्याच्या कंप पावणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्याने व हाडांच्या रचनेत तरफेचा गुण असल्याने येथे ध्वनीचा दाब सुमारे वीसपट वाढतो आणि ही तूट भरून निघते.

आंतर्कर्णातील कर्णावर्त ही गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची नळी आहे. तिच्यातील पातळ पटलावर केशपेशींच्या रांगा असतात. पायथ्याजवळच्या केशपेशी उच्च कंप्रतेच्या (बारीक) स्वरांना, तर टोकाकडील पेशी निम्न कंप्रतेच्या (खर्जातील) स्वरांना प्रतिसाद देतात. या पटलावरून ध्वनिलहर कशी प्रवास करते हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका कानात जन्मतः साधारणतः १५ हजार केशपेशी असतात. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसासह सस्तन प्राण्यांत तसे घडत नाही. जन्माला येताना मिळालेली ही शिदोरी आयुष्यभर पुरवावी लागते. केशपेशींनी निर्माण केलेले विद्युत् संदेश श्रवणतंत्रिकेवाटे मेंदूकडे जातात व तेथे त्यांना अर्थ प्राप्त होतो.

तीव्रता व तिचे मापन

निरोगी तरुण माणसाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. बोलणे समजण्यासाठी लागणारे बहुतेक ध्वनी २५० ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यात असतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या ऊष्म वर्णांचा काही भाग त्याहूनही वर असतो. श्रवणऱ्हास डेसिबल या एककात मोजतात. श्रवणआलेखावरील शून्य डेसिबल म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. निरोगी तरुणांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारा तो आवाज होय. त्याहून किती मोठा आवाज केल्यावर व्यक्तीला ऐकू येऊ लागते, तो तिचा श्रवण-उंबरठा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात अधिक चांगल्या कानाचा उंबरठा २० डेसिबलपेक्षा कमी असल्यास श्रवण प्राकृत मानतात. २० ते ३५ अल्प, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र, ८० ते ९५ अतितीव्र आणि ९५ व त्यापुढे संपूर्ण ऱ्हास समजला जातो. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या कंप्रतांवर ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कमी येणारी’ ठरते.

डेसिबल व टक्के यांची गल्लत नेहमी होते. ६० डेसिबल ऱ्हास म्हणजे ६० टक्के बहिरेपणा नव्हे. डेसिबल ही लघुगणकीय मोजपट्टी आहे. तीवर १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ होय. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी ही वेगळ्या सूत्राने काढलेली प्रशासकीय संख्या असते.

एका सरासरी आकड्यात रुग्णाची अडचण मावतही नाही. ज्याचे बारीक स्वरांचे श्रवण गेले आहे त्याला स्वर ऐकू येतात, पण अनेक व्यंजने निसटतात. ‘साप’, ‘चाप’ आणि ‘ताप’ या शब्दांत त्याला ‘आ’ स्पष्ट कळतो. आरंभीचा वर्ण कोणता, ते संदर्भावरून ताडावे लागते. शांत खोलीत हे जमते, लग्नाच्या मांडवात जमत नाही. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही अशा व्यक्तींची ठराविक तक्रार असते व घरच्यांना ती बहाणा वाटते. आजोबा आधी ‘मोठ्याने बोल’ म्हणतात आणि आवाज चढवला की ‘ओरडतोस कशाला’ म्हणून रागावतात, त्यालाही शारीरिक कारण आहे. केशपेशी कमी झालेल्या कानात ऐकू येऊ लागणारा आवाज आणि असह्य होणारा आवाज यांतील अंतर आक्रसते.

वहनजन्य बहिरेपणा

बाह्य किंवा मध्यकर्णातील अडथळ्यामुळे ध्वनी आंतर्कर्णापर्यंत नीट पोहोचत नाही, तेव्हा त्यास वहनजन्य बहिरेपणा म्हणतात. यात आंतर्कर्ण निरोगी असतो. मोठा आवाज कवटीच्या हाडांतून परस्पर आंतर्कर्णास पोहोचत असल्याने केवळ या प्रकारातील ऱ्हास साधारणतः ६० डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणजेच अशी व्यक्ती ठार बहिरी होत नाही. या प्रकारातील बरेच दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात.

मळाचा बोळा हे सर्वांत साधे कारण. कान स्वतःच मळ बाहेर ढकलत असतो. आगकाडी, केसातली पिन किंवा कापूस गुंडाळलेली काडी घातल्याने तो उलट आत दाबला जातो व क्वचित पडदाही फाटतो. जन्मतः कर्णनलिका बंद असणे, कानशिलात बसलेला जोराचा तडाखा व त्याने फाटलेला पडदा ही अन्य कारणे होत.

भारतात अधिक महत्त्वाचा विकार म्हणजे मध्यकर्णाचा दाह. मध्यकर्ण हा कंठकर्णनलिकेने घशाच्या मागील भागाशी जोडलेला असतो. लहान मुलांत ही नलिका आखूड व आडवी असल्याने सर्दी-पडशातील जंतू सहज वर जातात. वारंवार होणाऱ्या दाहाने पडद्याला भोक पडून कान वाहू लागतो. कान फुटणे हे बालपणी चालायचेच, अशी समजूत अनेक घरांत असते व कानात गरम तेल सोडले जाते. तेलाने दाह बरा होत नाही, उलट फाटक्या पडद्यातून ते आत जाते. स्राव थोडा पण दुर्गंधीयुक्त असेल तर हाड कुरतडत जाणारी त्वचेची गाठ (कोलेस्टिॲटोमा) असण्याची शक्यता असते. ती दुर्लक्षित राहिल्यास चेहऱ्याचा पक्षाघात किंवा मेंदूत गळूही होऊ शकते. याउलट, पडद्यामागे साठलेल्या चिकट द्रवामुळे होणारा ऱ्हास वेदनारहित असतो. अशा मुलाचा कान वाहत नाही, दुखत नाही. ते केवळ वर्गात ‘लक्ष देत नाही’.

प्रौढ वयात, स्त्रियांत अधिक प्रमाणात, रिकिबीभोवती नवे हाड वाढून ती जखडली जाते. हा कर्णास्थिकाठिण्य नावाचा विकार होय. याचे रुग्ण गर्दीत व गोंगाटात उलट बरे ऐकू येते असे सांगतात, कारण तेथे इतर लोक आवाज चढवून बोलतात. रिकीब काढून तेथे कृत्रिम दट्ट्या बसवण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील जॉन शे यांनी १९५६ मध्ये यशस्वी केली व ती आजही प्रचलित आहे.

चेतासंवेदी बहिरेपणा

कर्णावर्तातील केशपेशी किंवा श्रवणतंत्रिका यांच्यातील दोषाने होणारा हा प्रकार बहुधा कायमस्वरूपी असतो. व्यवहारात याला ‘कानाची नस कमजोर होणे’ म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत मूळ बिघाड नसेत नसून केशपेशींत असतो. हा फरक केवळ शाब्दिक नाही. नस शाबूत असते म्हणूनच पुढे वर्णन केलेल्या कर्णावर्त रोपणाचा उपयोग होतो. ‘नस सुकली’ असे ऐकून अनेकजण उपचारांचा नाद सोडतात, ते या गैरसमजामुळे.

आनुवंशिक कारणे : विकसित देशांत जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांमागे जनुकीय दोष आढळतो. त्यांपैकी बहुतेक अप्रभावी पद्धतीने संक्रमित होतात. म्हणजे आई-वडील दोघांनाही उत्तम ऐकू येते, पण दोघांकडून सदोष जनुक मिळालेले मूल बहिरे जन्मते. ‘आमच्या घराण्यात कोणी बहिरे नाही’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कनेक्सिन-२६ हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील बदल हे भारतासह अनेक देशांत यांचे महत्त्वाचे कारण आहे. रक्तसंबंधातील विवाहांत दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे, तिच्या संदर्भात हा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. काही वेळा बहिरेपणासोबत इतर दोषही येतात. अशर लक्षणसमूहात पुढे दृष्टीही क्षीण होत जाते.

गर्भावस्था व जन्म : गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाल्यास गर्भाच्या कानाला, डोळ्याला व हृदयाला इजा होते. आईचा रुबेला आणि बालकाचा मोतीबिंदू यांचा संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये प्रथम दाखवला. पाठोपाठ बहिरेपणाशी असलेला संबंधही स्पष्ट झाला. भारतात गोवर-रुबेला संयुक्त लस २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आली. सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गावर मात्र अद्याप लस नाही, आणि त्याने होणारा ऱ्हास जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. अपुऱ्या दिवसांचे जन्म, जन्मतः श्वास गुदमरणे व नवजाताची तीव्र कावीळ हीदेखील कारणे आहेत.

संसर्ग : मेंदूच्या आवरणाचा जिवाणुजन्य दाह हे बालपणातील बहिरेपणाचे गंभीर कारण होय. त्यानंतर कर्णावर्तात हाड भरू लागत असल्याने अशा मुलाची श्रवणचाचणी लांबवता येत नाही. गालगुंडाने येणारा बहिरेपणा बहुधा एकाच कानाचा असतो व कित्येकदा तो वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही.

औषधे : जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही प्रतिजैविके, कर्करोगावरील सिसप्लॅटिन व काही मूत्रल औषधे केशपेशींना विषारी ठरतात. स्ट्रेप्टोमायसिनचा आघात श्रवणापेक्षा तोल सांभाळणाऱ्या भागावर अधिक होतो. क्षयरोगाच्या अनेक रुग्णांनी इंजेक्शनांनी जीव वाचवला पण श्रवण गमावले. मातेकडून येणाऱ्या सूत्रकणिकेतील एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे काही व्यक्तींना या गटातील प्रतिजैविकाची नेहमीची मात्राही बहिरे करते. म्हणून आईच्या बाजूच्या नातलगांत असे कोणाला झाले होते का, हे विचारणे अगत्याचे असते.

गोंगाट : इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसमधील तांबटांना सतत ठोकण्याने येणाऱ्या बहिरेपणाचे वर्णन केले. पुण्यातील तांबट आळीत चालणारा व्यवसाय तोच. आज यंत्रमागाच्या शेड, लोहारकाम व दगडखाणी, वाहतूक आणि ध्वनिक्षेपक यांची त्यात भर पडली आहे. सर्वसाधारणतः ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांहून अधिक राहणे धोक्याचे मानतात. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते व १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. भारतातील कारखानाविषयक नियमांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, म्हणजे या मोजपट्टीने ती बरीच सैल ठरते. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, गुंजतात व सकाळपर्यंत मोकळे होतात. हा तात्पुरता ऱ्हास होय. तो वारंवार झाला की कायमचा बनतो. श्रवणआलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास पडलेला खड्डा ही गोंगाटाची खूण समजतात. कापसाचा कोरडा बोळा यापासून फारसे संरक्षण देत नाही. ढोल-ताशा पथकातील वादकांना व कामगारांना योग्य प्रकारचे इअरप्लग किंवा कानपट्टे लागतात.

वार्धक्य : वयानुसार दोन्ही कानांत सारख्या प्रमाणात, बारीक स्वरांपासून सुरू होणारा ऱ्हास हा जगातील सर्वांत सामान्य प्रकार आहे. मध्यम वयातील उपचार न केलेला श्रवणऱ्हास आणि पुढील स्मृतिभ्रंश यांचा संबंध अलीकडच्या संशोधनांत आढळला आहे.

अचानक येणारा बहिरेपणा : ७२ तासांच्या आत, बहुधा एका कानात, लागोपाठच्या तीन कंप्रतांवर ३० डेसिबल किंवा अधिक ऱ्हास झाल्यास ती वैद्यकीय तातडी समजतात. बहुसंख्य रुग्णांत कारण सापडत नाही. सकाळी उठल्यावर कान बंद वाटतो. माणूस मळ असेल म्हणून थेंब टाकत आठवडे घालवतो. स्टेरॉइड औषधांचा लाभ पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो व साधारण दोन आठवड्यांनंतर आशा झपाट्याने घटते. एकाच कानात हळूहळू वाढणारा ऱ्हास व गुंजन असल्यास श्रवणतंत्रिकेवरील अर्बुद नाही ना, हे एमआरआय चित्रणाने तपासतात. भोवळीचे झटके, गुंजन व कमीजास्त होणारे श्रवण ही मेन्येअर विकाराची लक्षणे होत.

वहनजन्य व चेतासंवेदी दोष एकत्र असल्यास त्यास मिश्र बहिरेपणा म्हणतात. श्रवणतंत्रिका-विकृतीत ध्वनी पोहोचतो पण संदेशांचा मेळ बिघडतो. नवजाताची तीव्र कावीळ हे तिचे एक कारण आहे.

लहान मुलांतील बहिरेपणा

जगभरात दर हजार जन्मांमागे साधारणतः एक ते दोन मुले लक्षणीय श्रवणऱ्हास घेऊन जन्मतात. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक असते. त्या काळात भाषाच मिळाली नाही, तर पुढे श्रवणयंत्राने आवाज पोहोचला तरी मेंदूला त्याचा अर्थ लावणे कठीण जाते. दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली वाढते, असे क्रिस्टीन योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचार हा आज मान्य असलेला क्रम होय.

घरच्यांची फसगत होण्याची कारणे ठराविक आहेत. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते. दार आपटल्यावर दचकते, कारण जमिनीचा हादरा त्याला जाणवतो. आईच्या हालचाली व सावली पाहून वळते. वर्ष उलटूनही ते बोलत नाही, तेव्हा ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ असा दिलासा मिळतो. बाळाच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवणे ही चाचणी नव्हे. पहिल्या वाढदिवसापर्यंत नावाने हाक मारल्यावर न वळणारे, दीड वर्षापर्यंत एकही शब्द न बोलणारे मूल विनाविलंब तपासणीस न्यावे लागते.

तपासणी

५१२ हर्ट्झच्या स्वरकाट्याने केलेल्या रिने व वेबर या एकोणिसाव्या शतकातील चाचण्यांनी दोष वहनजन्य की चेतासंवेदी याचा अंदाज दोन मिनिटांत येतो. काटा कपाळाच्या मध्यावर टेकवल्यास वहनजन्य दोषात आवाज बिघडलेल्या कानात, तर चेतासंवेदी दोषात चांगल्या कानात मोठा वाटतो. शुद्धस्वर श्रवणआलेखाने प्रत्येक कंप्रतेचा उंबरठा कळतो. ज्यांना सांगता येत नाही अशा बालकांसाठी दोन चाचण्या उपयोगी पडतात. निरोगी केशपेशी स्वतः अतिशय क्षीण ध्वनी निर्माण करतात, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये शोधले. कर्णोत्सर्जन चाचणी त्यावर आधारलेली आहे. मस्तिष्कस्तंभ प्रतिसाद (बेरा) चाचणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून ध्वनीचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. दोन्ही चाचण्या वेदनारहित असतात.

भारतात राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून राबवला जातो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था या क्षेत्रातील प्रमुख राष्ट्रीय संस्था होत.

उपचार व पुनर्वसन

वहनजन्य दोषांत मळ काढणे, प्रतिजैविके, पडद्यावर कलम लावणे किंवा हाडांची साखळी दुरुस्त करणे हे उपाय आहेत. चेतासंवेदी दोषात मुख्य आधार श्रवणयंत्राचा. आधुनिक अंकीय यंत्र ज्या कंप्रतांवर ऱ्हास आहे त्याच वाढवते. म्हणून श्रवणआलेख न काढता दुकानातून घेतलेले किंवा दुसऱ्याचे यंत्र बहुधा कपाटात पडून राहते. यंत्र आवाज वाढवते, पण हरवलेली स्पष्टता पूर्णपणे परत देत नाही. त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. चष्म्याला नसलेला कलंक श्रवणयंत्राला अद्याप चिकटून आहे, हेही त्याच्या अल्प वापराचे एक कारण मानले जाते.

यंत्राचा उपयोग होत नाही अशा तीव्र ऱ्हासात कर्णावर्त रोपण करतात. यात बाहेरील ध्वनिसंस्कारकाने पाठवलेला संकेत कर्णावर्तात बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या तारेतून, केशपेशींना वगळून, थेट श्रवणतंत्रिकेस दिला जातो. १९५७ मध्ये पॅरिसमध्ये झूर्नो व एरिए यांनी श्रवणतंत्रिकेस विद्युत् उद्दीपन देण्याचा पहिला प्रयोग केला. ऑस्ट्रेलियातील ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये बहुवाहिनी रोपण केले व त्यातून आजची पद्धत विकसित झाली. जन्मतः बहिऱ्या मुलांत रोपण जितके लवकर तितका लाभ अधिक. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षे नियमित वाक्-श्रवण प्रशिक्षण लागते. भारतात केंद्र शासनाच्या एडीआयपी योजनेतून पात्र बालकांना रोपण मिळते; पुढे यंत्राची दुरुस्ती, सुटे भाग व प्रशिक्षणासाठी शहरात येण्याजाण्याचा खर्च हा ग्रामीण कुटुंबांपुढील खरा पेच ठरतो. ऑटोफर्लिन जनुकाच्या दोषाने बहिऱ्या असलेल्या काही बालकांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोषात केशपेशी जिवंत असतात, त्यामुळे इतर प्रकारांना तो उपचार जसाच्या तसा लागू पडत नाही.

अनेक कर्णबधिर व्यक्ती बहिरेपणाकडे रोग म्हणून न पाहता स्वतःला खुणांची भाषा बोलणारा एक भाषिक समाज मानतात. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या कर्णबधिर-शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा वगळून केवळ मौखिक पद्धतीने शिकवण्याचा ठराव केला व त्याचा प्रभाव जगभर जवळजवळ शतकभर राहिला. भारतातील पहिली कर्णबधिर शाळा त्याच दशकात मुंबईत निघाली. २०१० मध्ये व्हॅनकूव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारले. भाषाशास्त्रीय अभ्यासांनी खुणांच्या भाषांना स्वतःचे व्याकरण असल्याचे सिद्ध केले असून, घरात खुणांची भाषा असलेले बहिरे मूल ऐकणाऱ्या मुलांच्याच वेळापत्रकानुसार भाषा शिकते, असे आढळले आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये नवी दिल्ली येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.